शैलामावशीची बाजू

शरदकाका मला कधी फोन करत नसत. फोन शैलामावशी करायची आणि काका मागून ‘थंडी आहे, टोपी घाल म्हणावं तिला’ असं काहीतरी ओरडायचे. त्यामुळे इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या आमच्या ऑफिसात, मीटिंगच्या मधोमध फोन थरथरला आणि स्क्रीनवर काकांचं नाव दिसलं, तेव्हा तो घेऊन मी पॅसेजमध्ये जाईपर्यंत मला कळून चुकलं होतं. “शैला गेली गं,” काका म्हणाले. मागून हॉस्पिटलमधल्या लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला. मी “निघते” म्हणाले. पण लगेच निघाले नाही. मीटिंगमध्ये परत जाऊन बसले आणि आमच्या सॉफ्टवेअरचा उरलेला डेमो पूर्ण केला. शेवटी कुणीतरी ‘व्हेरी क्लिअर, थँक यू’ म्हणालं. याला आता काही आठवडे झाले, पण ते ‘व्हेरी क्लिअर’ अजून कानातून गेलेलं नाही.

शैलामावशी माझ्या आईची मावसबहीण. लग्न करून नागपूरहून कॉव्हेंट्रीला आली. काका मोटारीच्या कारखान्यात इंजिनीअर होते. मावशी आधी शाळेत मदतनीस, मग शिक्षिका आणि शेवटची कितीतरी वर्षं एका प्राथमिक शाळेची हेडटीचर. पुण्यात मी तिला एकदोन लग्नांत लांबून पाहिलं होतं, तेवढंच. मी कामाच्या व्हिसावर इकडे आले तेव्हा आईने तिला कळवलं असणार, कारण पहिल्याच शनिवारी ती स्टेशनच्या फलाटावर उभी होती, हातात माझ्यासाठी जास्तीची छत्री घेऊन. मी तिला ‘तुम्ही’ म्हणाले. “अगं, मावशीला कुणी अहो-जाहो करतं का? मी काय तुझी सासू आहे?” ती म्हणाली. मी हसले. पुढच्या शनिवारी पुन्हा ‘तुम्ही’च आलं तोंडातून. मनात ती ‘ती’ होती, तोंडावर शेवटपर्यंत ‘तुम्ही’ राहिली.

त्यानंतर बहुतेक शनिवारी मी रीडिंग स्टेशनवर गाडी बदलून कॉव्हेंट्रीला जायचे. मावशी दुपारी बटाटेवडे तळायची आणि ते बॅचमध्ये घालून द्यायची. कॉव्हेंट्रीत गोल पावाला बॅच म्हणतात आणि मावशीला त्या शब्दाचा अभिमान होता. “लंडनवाल्यांना विचार, बॅच म्हणजे काय ते. बावळटासारखे बघतील.” आमची कंपनी शाळांसाठी सॉफ्टवेअर बनवते. मुलांचे मार्क आणि हजेरी भरली की शाळा कुठे बरी आहे, कुठे घसरते आहे, ते लाल, पिवळ्या, हिरव्या रंगात दिसतं. सरकारी इन्स्पेक्टर येण्याआधी शाळेला आपली परिस्थिती कळावी, हा त्यामागचा हेतू. मावशी तिला ‘ट्रॅफिक सिग्नलची कंपनी’ म्हणायची. “मग? या आठवड्यात कुणाला लाल केलंत?” हा शनिवारचा पहिला प्रश्न असायचा.

तिला तो प्रश्न विचारायचा हक्क होता. तिच्या शाळेत वर्षाच्या मध्येच मुलं यायची, कुठकुठल्या देशांतून, इंग्रजीचा एक शब्द न येणारी. ती वाचायला लागेपर्यंत आईवडिलांचं घर बदलायचं आणि मुलं दुसऱ्या गावी जायची. इन्स्पेक्टर आले, वर्गांमागे बसले, वह्या चाळल्या आणि सबंध शाळेला एका शब्दाचा शेरा देऊन गेले. सगळ्यात खालचा शब्द. कायद्याप्रमाणे तो शब्द मिळाला की शाळा गावच्या कौन्सिलच्या हातातून काढून दुसऱ्या संस्थेकडे द्यावी लागते. तशी ती दिली गेली. गेटवरची पाटी बदलली, मुलांच्या स्वेटरचा रंग बदलला. मावशी निवृत्त झाली. काका एकदा मला म्हणाले होते, “त्या वर्षी ती बाजारातसुद्धा लांबच्या दुकानात जायची. आईबाप भेटतील म्हणून.”

हाच कायदा आता पार्लमेंटमध्ये नव्याने मांडला जाणार होता आणि तो कसा असावा यावर इकडे गेलं वर्षभर वाद चालला होता. एका शब्दाचा शेरा ठेवायचा का? शाळा काढून घ्यायची सक्ती ठेवायची का? बाहेरून तपासणी हवीच कशाला, शाळांनी एकमेकींना सांभाळून घेतलं तर काय बिघडतं? शिक्षकांच्या बाजूला राग साठलेला होता आणि तो खोटा नव्हता. कॉव्हेंट्रीत एका कम्युनिटी सेंटरमध्ये शिक्षकांनी सभा ठेवली. तिथले खासदार ऐकायला येणार होते. सभा भरवणारी डेबी ही मावशीच्या हाताखाली डेप्युटी होती. तिने मावशीला बोलायला बोलावलं, कारण अशा सभेत कायद्याविरुद्ध बोलायला मावशीपेक्षा योग्य माणूस कुठून मिळणार? मलाही तसंच वाटलं होतं. मी मावशीची गाडी चालवत गेले. त्या दिवशी ती म्हणाली, तूच चालव. एरवी ती कुणाच्या हाती गाडी देत नसे.

स्टेजला चारदोन लाकडी पायऱ्या होत्या. त्या चढून मावशी थांबली. हात टेबलावर ठेवला, पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं केलं. मी पुढच्या रांगेत होते. ती काही शोधत नाहीये, श्वास घेते आहे, हे मला दिसलं.

मग ती बोलली. नेहमीच्या तिच्या इंग्रजीत, अर्धं कॉव्हेंट्री आणि अर्धं नागपूर. ती तरुण शिक्षिका होती त्या पहिल्या शाळेत मागच्या बाजूला एक खोली होती. इंग्रजी न येणारी आशियाई मुलं त्या खोलीत बसवायचे. मावशीला हिंदी येतं, पंजाबी थोडं कळतं, म्हणून ती खोली तिच्याकडे दिली. “आम्ही चित्रं काढायचो,” मावशी म्हणाली. “गाणी म्हणायचो. दिवाळीला पणत्या रंगवायचो. मुलं खूश, मी खूश, हेडमास्तर तर फारच खूश, कारण मागून आवाज येत नसे. काही वर्षं मी तिथे होते आणि तेवढ्या काळात त्या खोलीत बाहेरचं एकही माणूस आलं नाही. ही मुलं वाचतात का, असं मला कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.” मग तिने केमिस्टच्या दुकानातली गोष्ट सांगितली. औषधाच्या रांगेत पुढच्या माणसाने वळून तिच्याकडे पाहिलं आणि ‘मिस!’ म्हणून ओरडला. त्या खोलीतलाच मुलगा, आता टक्कल पडलेला, नातवाला घेऊन आलेला. त्याने सगळ्या रांगेला सांगितलं, ही माझी सगळ्यात लाडकी टीचर. आणि मग हातातली बाटली पुढे करून हळूच म्हणाला, ‘मिस, यावर काय लिहिलंय? याला किती द्यायचं?’

मावशी म्हणाली, “त्याचा माझ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.”

डेबी उठली. “पण शैला, तुझ्या शाळेचं त्यांनी काय केलं? तुझं काय केलं?”

“वाईट केलं,” मावशी म्हणाली. “दोन दिवस आले, एक शब्द फेकला आणि गेले. तो शब्द काढा, मी सही करते. शाळा हिसकावून घेणं बंद करा, त्यालाही करते. पण बाहेरून कुणी येऊच नये म्हणाल, तर नाही. त्यांनी यावं, पुन्हा यावं, बसावं, आणि काय दिसतंय ते पूर्ण वाक्यात तोंडावर सांगावं. आपल्या माणसांना आपल्यातलं दिसत नाही गं, डेबी. दिसलं तरी आपण बोलत नाही.”

टाळ्या तुरळक पडल्या. मागून कुणीतरी ‘इझी फॉर हर, शी इज रिटायर्ड’ म्हणालं आणि त्यावर हशा झाला. चहाच्या वेळी मावशीच्या जुन्या मैत्रिणी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला उभ्या राहिल्या. ती मात्र बिस्किट हातात धरून खासदारांना काहीतरी समजावत होती. बिस्किट तिने खाल्लं नाही. जाताना पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून पर्समध्ये टाकलं.

गाडीत बसल्यावर तिने विचारलं, “कसं झालं?”

“छान बोललात.”

“छान काय? वक्तृत्व स्पर्धा होती का? तुला पटलं का?”

“हो.”

“पूर्ण?”

“हो, मावशी.”

“तुम्ही इंग्लिश मीडियमच्या मुली! ‘येस मिस’ सोडून काही शिकवलंच नाही वाटतं तुम्हाला.” ती हसली आणि हसताना पुन्हा दम लागला. सीटबेल्ट लावता लावता मध्येच थांबली, डोळे मिटून घेतले.

मी विचारलं, “हीटर लावू?”

खरं तर मला तिचं पूर्ण पटलं नव्हतं. आमच्या हेल्पलाइनवर शाळांमधून येणारे फोन मी ऐकलेले आहेत. इन्स्पेक्टर येणार म्हटलं की माणसं घाबरतात आणि घाबरलेली माणसं आधी लपवतात, सुधारणा नंतर. लाल रंग पिवळा कसा होईल, हे विचारणारे फोन. तिला हे सांगायला हवं होतं. ती भांडली असती, मला मूर्ख म्हणाली असती, वडे तळता तळता सबंध शनिवार वाद घातला असता आणि तिला ते फार आवडलं असतं. तिच्या सगळ्या मैत्रिणी त्या दिवशी टेबलाच्या पलीकडे गेल्या होत्या. अलीकडे मी होते, आणि मी तिला होकार देऊन एकटं ठेवलं.

पण माझी झोप जाते ती याने नाही. त्या ‘हीटर लावू?’ने जाते. तिचं घड्याळ मनगटावर फिरून आतल्या बाजूला जायचं आणि वेळ बघायला ती ते ओढून वर आणायची, हे मी त्याच्या कितीतरी आधीपासून पाहत होते. पॅन्टला कमरेशी सेफ्टी पिन होती. जिना चढताना ती मध्येच थांबून भिंतीवरच्या फोटोंची माहिती द्यायला लागायची, तेच फोटो, तीच माहिती. बॅच अर्धा टाकायची. काका रोज बघत असल्याने त्यांना ते कळलं नसेल. त्यांचा मुलगा टोरांटोला, त्याला व्हिडिओवर फक्त चेहरा दिसायचा. मी आठवड्याने यायचे. बाहेरून.

मी का बोलले नाही, याचं कारण मला माहीत आहे. पुण्यात प्रत्येक लग्नात मला कुणी ना कुणी ‘जाड झालीस’, ‘रंग उतरला गं’, ‘चेहरा का असा’ म्हणालेलं आहे. हातात अक्षता घेऊन, भर मांडवात. मी शाळेत असतानाच ठरवलं होतं की आपण कुणाच्या अंगाबद्दल कधी काही बोलायचं नाही. सबंध नातेवाइकांत मला तसं काही न म्हणालेली एकच बाई होती, ती शैलामावशी. तिच्या घरात मला मोकळं वाटायचं ते त्यामुळेच. मग मी तिला कसं म्हणणार होते, मावशी, तुम्ही फार बारीक झालात? त्या बायकांपैकी कुणीही एकजण त्या घरात आली असती, तर दारातच ओरडली असती. उद्धटपणे, सगळ्यांसमोर. आणि मावशी चार महिने आधी डॉक्टरकडे गेली असती... तपासणी झाली तेव्हा आजार फार पुढे गेलेला होता. डॉक्टर म्हणाले, आधी कळून किती फरक पडला असता ते सांगता येत नाही. सांगता येत नाही, म्हणजे मला दोन्ही बाजूंनी सुटका नाही.

गेल्या शनिवारी मी कॉव्हेंट्रीला गेले. मुलगा परत गेला होता. काकांनी दार उघडलं, “ये, ये” म्हणाले आणि किटली लावली. दूध घ्यायला फ्रिज उघडला तर आधीच्या शनिवारी मी आणून ठेवलेले डबे तसेच होते, झाकणं न उघडलेले. मी दूध घेतलं. फ्रिज बंद केला. चहा ओतला. कप त्यांच्यासमोर ठेवला आणि मला कळलं की मी आता हवेबद्दल काहीतरी बोलणार आहे.

“काका, तुम्ही जेवत नाही आहात,” मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. “डबे तसेच आहेत. दाढी केलेली नाही. आणि हा शर्ट मागच्या वेळी पण हाच होता.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ त्यांनी माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं.

“मग तिला का नाही म्हणालीस?” ते म्हणाले.

वरचं मी जे लिहिलं आहे ते सगळं तेव्हाही मला माहीत होतं, पण त्यातलं एकही उत्तर म्हणून चाललं नसतं. स्वयंपाकघरात ओट्याजवळ मावशीचं उंच स्टूल होतं. बटाटे सोलताना ती त्यावर बसायची आणि पाय खालच्या दांडीवर आपटत राहायची. त्या दांडीवरचा रंग पार गेला आहे, लाकूड उघडं पडलं आहे. काका उठले, स्टूल ओढलं आणि त्यावर बसले. त्यांच्या उंचीला ते बेंगरूळ दिसत होतं.

“मी तर रोज बघत होतो,” ते म्हणाले. मग हाताच्या पाठीने नाक पुसलं आणि फ्रिजकडे बोट केलं. “काढ तो डबा. आणि आणखी काय काय दिसतंय, तेही सांग.”

मी डबा काढला, गॅस लावला आणि सांगायला लागले.