मुलाणी वकील आणि वांग्याची झाडं

भोरच्या मुलाणी वकिलांचे जामीनअर्ज मी पंधरा वर्षं टाइप केले, पण ‘आरोपी निर्दोष आहे’ हे वाक्य त्यांनी कधी सुखासुखी टाइप करू दिलं नाही. म्हणत, “कुंदाताई, निर्दोष हाय का न्हाई ते खटल्यात बघू. आधी पंचनामा वाचा. लिवणाऱ्याला बी घाई आसती.”

वेल्ह्याकडच्या मार्गासनीच्या बबनला ऐन पावसाळ्यात पकडलं. घरामागं गांजाची झाडं सापडली होती, वजन साडेएकवीस किलो. नव्या कायद्यानं वीसच्या पुढं गेलं की जामीन महाकठीण. त्याची बायको शेवंता ऑफिसात येऊन बसली. भाताची रोपं आठ दिवसांत लावली नाहीत तर जून होऊन वाया जाणार आणि घरात दुसरं माणूस नाही. “वरीसभर पोरांनी खायाचं काय?” तिनं विचारलं. वकील पंचनाम्याची पानं उलटू लागले.

पंच होता गावचा भाताचा व्यापारी. मापातून काही सुटू नये ही त्याची दुकानातली सवय. त्यानं आवर्जून लिहायला लावलं होतं, ‘झाडे मुळांसकट, आहेत तशी मोजली.’ वकिलांनी मांडीवर थाप मारली. “वेल्ह्याचा पाऊस, आन् मुळांसकट! ह्यात गांजा किती आन् चिखल किती?”

सुनावणी पुण्याला होती. वकिलांनी सकाळी उत्रोलीतल्या एका मळ्यातून वांग्याची झाडं चिखलासकट उपटली, बादलीत घातली आणि आम्ही एसटीत चढलो.

“वकीलसाहेब, वांगी इकायला निघालात व्हय?” कंडक्टरनं विचारलं.

“न्हाई, युक्तिवाद हाय.”

कोर्टात त्यांनी झाडं सोबत आणलेल्या ताणकाट्याला टांगली, बादलीत धुतली, पुन्हा टांगली. साडेतीन किलोची सव्वादोन भरली. सरकारी वकील तडकले, “अहो, ही वांगी आहेत!”

“चिखल काय झाड बघून चिकटतो, साहेब?”

न्यायाधीशांनी फाइल तोंडापुढं धरली. मग आधी फरशी पुसायला लावली आणि नंतर जामीन दिला. मी तर हसून हसून बेजार झाले.

सुटल्यावर बबन शेवंताबरोबर पाया पडायला आला. वकिलांनी पाय मागं घेतले. “झाडं तुझीच व्हती, मला ठावं हाय. म्या फकस्त चिखल धुतला. बाकीचं तुझं तू निस्तर.”

असा वकील मी दुसरा पाहिला नाही. शेवंतानं नवऱ्याच्या दंडाला धरलं आणि ती त्याला एसटी स्टँडकडं ओढतच घेऊन गेली. रोपं जून व्हायला अजून दोन दिवस होते.