दाढेच्या मुळाखालचा कचरा

खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनल मी बऱ्याच वर्षांपूर्वी करून घेतलं होतं. गेल्या वर्षी तिच्या मुळाशी पुन्हा पू झाला. दाढ काढून टाकायची, तर माझ्या कवळीची तार तिलाच अडकवलेली. म्हणून डॉक्टर म्हणाले, आत भरलेला जुना मसाला काढून आतून परत साफ करू. म्हटलं, करा.

इंजेक्शन दिलं, अर्धा जबडा मेला. तोंड उघडं टाकून पडून राहिले. साफ करून झाल्यावर त्यांनी दाढेचा एक्स-रे फोटो काढला आणि बराच वेळ बघत बसले. तरुण डॉक्टर, पण लपवाछपवी केली नाही. पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "आजी, मसाला काढताना थोडा कचरा मुळाच्या टोकातून खाली ढकलला गेलाय. हा पांढरा ठिपका. ओठाला जाणीव देणारी शीर इथूनच जाते."

ठिपका तांदळाच्या कणीएवढा. मी बघितला आणि घरी आले.

संध्याकाळी आधी जीभ जागी झाली, मग गाल. खालचा ओठ डावीकडे तसाच राहिला, हनुवटीही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या संपल्या. महिने गेले. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर ओरडले तरी असते. चहा पिताना कपाची कड अर्धीच लागायची.

आमच्याकडे पेडवे खातात. बोटभर मासा, आत काटेच काटे. ओठाने आणि जिभेने काटा वेगळा करायचा, हे कोणी शिकवत नाही, लहानपणापासून येतं. एकदा जेवताना सून म्हणाली, "आई, थांबा. रक्त येतंय." काटा ओठात रुतला होता आणि मी खुशाल भात कालवत होते. त्या दिवसापासून ती मला सुरमईची तुकडी वाढू लागली, तीही मधला काटा काढून.

"मी काय आजारी आहे?"

"नाही. पण तुमच्या घशात काटा अडकला तर तुमचे चिरंजीव मला धरतील."

चिरंजीव मुंबईत. त्याचा फोन आला की एकच धोशा. पुढच्या तपासणीलाही ओठ जागा नसला तर इकडे ये, मोठ्या डॉक्टरकडून जबडा उघडून तो कचरा काढून घेऊ. मला जबडा उघडून घ्यायचा नव्हता.

तपासणीला सून बरोबर आली. डॉक्टर म्हणाले, "डोळे मिटा. टोचलं की सांगा."

मिटले. थोडं थांबून म्हटलं, "टोचलं."

"कुठे?"

"इथेच, डावीकडे."

"आजी, सुई अजून माझ्या हातातच आहे."

सून फिसकन हसली. मी म्हटलं, "मग टोचा की लवकर." त्यांनी टोचलं म्हणे. मला काही कळलं नाही.

"तो कचरा काढला तर ओठ जागा होईल?"

"होईल असं सांगता येत नाही. आता उशीर झालाय. शीर आणखी दुखावेल असंही होतं."

"आणि नाही काढला तर?"

"पू गेलाय, दाढ घट्ट आहे. कवळी बसेल. ओठ कदाचित असाच राहील."

"मग राहू दे."

रात्री मुलगा फोनवर चिडला. "तू कोणाचं ऐकत नाहीस."

"ओठ माझा आहे."

"तुला काही कळतंय का, आई?"

"डावीकडे नाही."

त्याने फोन ठेवला.

सकाळी पूर्णगडची मासेवाली आली. सून सुरमईकडे वळली. मी म्हटलं, "सुरमई नको गो, पेडवे घे."

"आणि काटे?"

"बोटांनी काढीन."

काढले. एकेक मासा उकलून, चाचपून, मग उजवीकडून तोंडात. भात गार झाला. सून जेवून उठली, हात धुऊन परत समोर येऊन बसली आणि मोबाईल बघू लागली. अधूनमधून नजर माझ्या ओठाकडे. मीठ थोडं कमी पडलं होतं. तेवढं तिला सांगितलं आणि पुढचा मासा घेतला.