सुंदरबाईंच्या मालकांचा रंग

धुळ्यात देवपूरला रतिलालशेठच्या स्टुडिओत झुलालनानांनी सव्वीस वर्षं काळ्या-पांढऱ्या फोटोंत ब्रशनं रंग भरले. गावोगावची मेलेली माणसं नानांच्या हातून टवटवीत होऊन भिंतीवर चढली. मग अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्याला स्टुडिओत कॉम्प्युटर आला, त्याच्यापुढे बसायला शेठचे जावई अभिमनराव आले, आणि नानांच्या हाती ब्रशाऐवजी फ्रेमचे खिळे आले. "दिवाळीनंतर तुमचं बघू, नाना," असं शेठ म्हणाले. 'बघू' म्हणजे काय, हे न कळायला नाना काही कुक्कुलं बाळ नव्हते.

जावईबापूंचं पहिलं मोठं काम शिंदखेड्याच्या सुंदरबाईंचं. त्यांचे मालक शालिग्राम वारल्याला वर्ष होत आलं होतं. घरात त्यांचा एकच फोटो, तोही बिनरंगाचा. परवाच्या वर्षश्राद्धाला तो रंगीत होऊन पाटावर हवा होता. अभिमनरावांनी रंग भरला. पडद्यावर चेहरा फार तांबूस दिसला, म्हणून तांबूसपणा उतरवला. कागदावर मालक आले ते शेवाळ धरल्यासारखे हिरवट! तीनदा छापलं, तिन्ही वेळा तेच. जावई शाईला शिव्या घालू लागले.

"मना मालक काया व्हता भाऊ, पन हिरवा नव्हता!" सुंदरबाई कडाडल्या.

कुणी हसलं नाही. जावयाची चूक सासऱ्यानं काढायची तरी कशी? शेठ पंख्याकडे बघत बसले. नानांना मात्र राहवेना. त्यांची जुनी रीत होती, रंग भरताना फोटोशेजारी कोरा कागद ठेवायचा. पांढरं चुकलं की पुढचं सगळं चुकतं, एवढंच त्यांचं शास्त्र.

त्यांनी कोरा कागद पडद्याला टेकवला आणि जावयांना पडदाभर नुसतं पांढरं आणायला सांगितलं. उजवीकडे ते कागदाशी जुळलं. डावीकडे, जिथं चेहरा उघडलेला असे, तिथं ते चक्क गुलाबी होतं.

"चेहरा बरोबर व्हता," नाना म्हणाले. "पडदाच खोटं दखाडस."

डावीकडे होतं तरी काय? दसऱ्याच्या पूजेला शेठनी आरतीसाठी मोठा स्पीकर मॉनिटरला खेटून ठेवला होता. देवाचा म्हणून तो कुणी हलवला नव्हता. अभिमनरावांनी कपाळावर हात मारला. स्पीकरमधल्या लोहचुंबकानं पडद्याचे रंग बिघडतात, हे ते कोर्समध्ये शिकले होते, पण देवाच्या वस्तूवर संशय घेणार कोण? नानांनी हात जोडून स्पीकर उचलला आणि पार दाराशी नेऊन ठेवला. मॉनिटर दोनदा बंद करून चालू केला, तेव्हा कुठे गुलाबी डाग गेला.

जावई खजील झाले, पण माणूस दिलदार. "नाना, तुम्ही सांगा, मी करतो," म्हणाले. नानांनी खुर्ची ओढली. "उन्हातला माणूस आहे. गाल रापलेले हवेत. टोपीखालचं कपाळ तेवढं उजळ ठेवा."

चौथा कागद बाहेर आला, त्यावर हिरवटपणाचा मागमूस नव्हता. "यापुढं नानांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही फोटो बाहेर जायचा नाही," शेठ जावयादेखत म्हणाले. नानांची छाती फुगली, पण त्यांचं लक्ष सुंदरबाईंकडे होतं. बाईंनी फोटो हातात घेतला, एकदा नीट पाहिला, आणि मालक दारात आल्यावर घ्यायच्या तसा डोक्यावरून पदर पुढे ओढून घेतला.