टॉवेलखालचे दोन ॲम्प्लिफायर

काल नाशिक रोडला मोबाइल दुरुस्तीच्या टपरीपाशी उभा होतो. आत कारागिरानं सोल्डरचा डाख दिला आणि तापल्या राळेचा तो गोडसर, घशाशी खवखवणारा धूर नाकात शिरला. झालं! माझ्या मित्राच्या शर्टाला बारा महिने हाच वास असायचा.

प्रेसमधली पाळी संपली की तो घरी टेबलाशी बसून ॲम्प्लिफायर बांधायचा, एकेक भाग निवडून, स्वतःच्या कानाला पटेपर्यंत. "अरे, दुकानातला नुसता वाजतो, माझा गातो," म्हणायचा. मला चीड यायची. मी पडलो विज्ञानाचा मास्तर! दोन्ही नीट बांधलेले असतील आणि आवाज सारखा ठेवला असेल, तर कानाला फरक कळत नाही, हे माझं ठाम मत. आजही तेच आहे. पण मत असणं वेगळं आणि चार माणसांत ते कुणाच्या उरावर आदळणं वेगळं, एवढी अक्कल तेव्हा कुठली असायला!

एका रविवारी सकाळी त्याच्याच घरी पैज लावली. शेजारीपाजारी चिवड्याच्या बश्या घेऊन जमले. त्याचा एक आणि दुकानातला एक, दोन्हींवर मी टॉवेल टाकला, मीटर लावून आवाज सारखा केला आणि एकच सनई मनाला येईल तशी कधी यावर, कधी त्यावर वाजवली. दहा वेळा. तो डोळे मिटून सांगायचा, "हा माझा." सहा वेळा चुकला. शेवटी तर दुकानातल्यालाच म्हणाला, "हा बघ, हा गातोय!" मी टॉवेल ओढला. सगळे हसले, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी. तोही हसला, मग चहा झाला.

त्यानंतर त्यानं एकही ॲम्प्लिफायर बांधला नाही. "वेळ कुठंय रे," म्हणायचा. मीही खोदून विचारलं नाही. विचारायला तोंड होतं कुठे मला?

या उन्हाळ्यात तो गेला. तेराव्यानंतर भेटायला गेलो, तर वहिनी त्याच्या शेवटच्या ॲम्प्लिफायरवरची धूळ पदरानं पुसत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? ह्यांच्या मशीनचा आवाज खरंच वेगळा होता का हो?"

"होता, वहिनी." खोटं बोलताना जीभ जराही अडखळली नाही.

त्यांनी हातातला पदर खाली सोडला. "मग त्या रविवारी का नाही बोललात? तुमच्या एवढ्या एका शब्दाची फार वाट बघितली त्यांनी."

फरक नव्हताच, मी बरोबरच होतो. पण त्या बरोबर असण्याचं आता करू काय, हे विचारावं असा माणूस उरला नाही.