कुमुदिनीकाकूंनी नाव खाली केली

कुमुदिनीकाकूंच्या घरात ‘खाली’ हा शब्द जपून वापरावा लागतो. गाझियाबादला मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आले, त्याच आठवड्यात मला हे कळलं. चहाला बोलावलं होतं. एका खुर्चीवर वर्तमानपत्रांचा ढीग होता, म्हणून दुसरीकडे हात करून मी विचारलं, “काकू, ही खुर्ची खाली आहे ना?”

“कशाच्या खाली?”

मी वर पाहिलं. वर पंखा होता. “पंख्याच्या?”

“रिकामी!” काकू म्हणाल्या. “खुर्ची रिकामी असते. खाली सतरंजी असते. बस आता.”

आतून विश्वनाथकाका ओरडले, “बस गं, बस! चाळीस वर्षं ऑफिसमधून माझा डबा रिकामा परत यायचा. एकदा मी ‘खाली आला’ म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी मिळालाच नाही.”

काकूंचा जन्म दिल्लीतल्या टेकडीवरच्या हिंदूराव इस्पितळातला, बालपण लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमधलं. शाळेत हिंदी, मैत्रिणी पंजाबी, मराठी फक्त स्वयंपाकघरात. सुट्टीत पुण्याला गेल्या की मावसभावंडं त्यांना मधे बसवून “बोल ना, अजून बोल ना” करायची. आठ वर्षांच्या असताना त्या तिथे म्हणाल्या, “मावशी, मला भूक लागून राहिली आहे.” हे वाक्य त्या घरात अजून सांगतात. लग्नकार्यात तर हमखास.

त्या दिवशी काकूंनी जे मनावर घेतलं ते घेतलंच. पुढे एका मंत्रालयात चौतीस वर्षं हिंदी अनुवादक होत्या. “आठ तास शुद्ध हिंदी, घरी आल्यावर शुद्ध मराठी,” त्या सांगतात, “आणि मधल्या बसमध्ये गप्प. सरमिसळ व्हायला नको.”

तर अशा काकूंच्या आयुष्यात नोव्हेंबरात अंशुमन आला. हा पुण्याचा इंजिनियर, नोएडात नोकरी करतो आणि हिवाळ्यात रविवारी सकाळी लोकांना यमुनेतून फिरवतो. वझीराबादच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी अजून पाण्यासारखं दिसतं. नाव एकच, माणसं बारा, नावाडी ओमवीर. माहिती सांगणं हिंदीत आणि इंग्रजीत. मराठी लोक म्हणाले, आमच्यासाठी मराठीत ठेव. अंशुमनने आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, कुणी बोलणारं आहे का? तो संदेश पुरता वाचून व्हायच्या आत काकूंचा फोन गेला.

“काकू, एक रविवार ट्रायल घेऊ,” तो म्हणाला. “जमलं तर सगळा हिवाळा तुमचा. नाहीतर मी आवाज रेकॉर्ड करून स्पीकरवर लावणार आहे. टेन्शन घेऊ नका.”

काकूंनी पुरेपूर घेतलं. जिन्यात मला अडवून म्हणाल्या, “चौतीस वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं पलटी केली गं. साहेबांनी बोलायचं, मी फिरवायचं. खाली सही साहेबांची. एकदा तरी माझं वाक्य माझ्या तोंडून जाऊ दे, आणि लोकांनी मान वळवून तिकडे बघू दे. आणि तो स्पीकरला देणार म्हणे! स्पीकरला!”

मग तालमी सुरू झाल्या. सोफा ही नाव. सहा उशा हे प्रवासी. काका जाळी काढायचा लांब झाडू घेऊन नावाडी. आणि मी नाटकातली, म्हणून मी जाणकार प्रेक्षक.

“तर मंडळी, उजवीकडे, दूर, ती टेकडी. तिथे हिंदूराव. हे गृहस्थ ग्वाल्हेरहून आले आणि...”

“नावेतून ती टेकडी दिसते का?” काकांनी झाडू थांबवला.

“नाही दिसत.”

“मग दाखवतेस काय?”

“अहो, दिसतं ते लोक स्वतः बघतील. त्याला मी कशाला?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी उशीकडे पाहिलं. मुद्दा बिनतोड होता. झाडू पुन्हा वल्हवू लागला.

जानेवारीतला तो रविवार. धुकं साडेनऊला कुठे हललं. आम्ही दहा प्रवासी, शिवाय अंशुमन आणि काकू. माझ्या शेजारी सुखदा नावाची मुलगी होती, पुण्याहून नोकरीसाठी येऊन जेमतेम दोन महिने झालेली. ती पुण्याची आहे हे कळल्यावर काकूंनी पदर सारखा केला. मला दिसलं ते. आठ वर्षांची कुमुद पुन्हा मधे बसली होती.

काकांनी दोन स्वेटरांवर लाइफ जॅकेट चढवलं होतं. ते गॅसच्या सिलिंडरसारखे डुलत आले. ओमवीरने एकदा त्यांना आपादमस्तक पाहिलं.

“अंकल जी, आप बीच में बैठो. नाव बराबर रहेगी.”

“देखा?” काका आम्हाला म्हणाले. “माझ्याशिवाय तोल राहत नाही.”

नाव सुटली आणि काकू उभ्या राहिल्या. काय सांगू! हातातले कागद त्यांनी दहा मिनिटांत पिशवीत टाकले. पुलाखालून जाताना पुलाबद्दल एक अक्षर नाही. त्यांच्या वडिलांनी याच नदीत पोहायला शिकताना चष्मा कसा घालवला, आणि मग आठवडाभर ऑफिसात सहीच्या जागी तारीख आणि तारखेच्या जागी सही कशी केली, ते सांगितलं. दिसत नसलेली टेकडी त्यांनी अशी दाखवली की अकरा माना उजवीकडे वळल्या. अकरावी ओमवीरची. त्याला मराठी येत नाही.

सुखदा हसून हसून माझ्या खांद्यावर पडली. “या कुठल्या गं? सदाशिव पेठ?”

“हिंदूराव,” मी म्हटलं.

अंशुमन मागच्या बाकावर वही घेऊन बसला होता, आणि भराभर लिहीत होता.

मग वाळूच्या बेटावर चक्रवाकांची जोडी दिसली. केशरी अंग, फिकट डोकं, दोघं एकमेकांकडे पाठ करून बसलेले. “आमच्यासारखे,” काका म्हणाले.

“भैया, थोड़ा पास लीजिए,” काकू अदबीने म्हणाल्या. ऑफिसातली हिंदी, इस्त्री केलेली.

ओमवीरने नाव जवळ नेली. अजून जवळ. पक्षी उडाले. आणि नावेच्या पोटाखालून आवाज आला, खर्रर्र. नाव थांबली. वारा आला तशी ती एका अंगाला कलली, पुढच्या बाईंनी “अगं बाई!” केलं, काकांनी दोन्ही बाजूंचे दोन अनोळखी गुडघे धरले.

काकूंना स्वच्छ दिसत होतं की इथे गाळ आहे आणि नदीच्या खालच्या अंगाला, दहा हातांवर, पाणी खोल आहे. नाव तिकडे न्यायला हवी. हे ओमवीरला सांगायचं होतं, आणि ताबडतोब.

“भैया, खाली! नाव खाली लो!”

ओमवीर चमकला. “खाली करूँ? यहाँ?”

“हाँ हाँ, यहीं! जल्दी! थोड़ी खाली!”

“थोड़ी से क्या होगा, मैडम? करनी है तो पूरी खाली करो.”

“ठीक है, पूरी करो! लेकिन करो!”

ओमवीरने बांबू ठेवला, फळी काढली, बेटावर टाकली आणि दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. “चलो जी, उतरो सब! एक-एक करके! मैडम का हुकुम है!”

लोक उतरू लागले. आनंदाने! त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचा भाग आहे. एका गृहस्थांनी बूट काढले. सुखदाने वाळूत पाय रोवून फोटो काढायला सुरुवात केली. काकू नावेत एकट्या उभ्या होत्या आणि आपले प्रवासी आपल्या डोळ्यांदेखत किनाऱ्याला लागताना बघत होत्या.

“भैया... सबको उतार क्यों दिया?”

“आपने ही तो बोला, खाली करो.”

पाणी चुबुकचुबुक करत होतं. काकूंचा चेहरा मी बघत होते. त्यावर एक शब्द हिंदीतून मराठीत आणि मराठीतून हिंदीत दोनदा गेला आणि आला. बेटावरून, दोन स्वेटरांच्या आतून, चाळीस वर्षं वाट पाहिलेला आवाज आला:

“कशाच्या खाली, कुमुद?”

“तुम्ही गप्प बसा!”

तेवढ्यात काकूही फळीवरून उतरल्या, आणि गंमत झाली. हलकी झालेली नाव गाळातून वर आली. ओमवीरने बांबू टेकवला, एक हुंकार, आणि नाव सुळकन खोल पाण्यात. तो खूश झाला. “देखा जी? बोझ उतरा तो उठ गई. मैडम को पानी की समझ है. हमारे ताऊ भी यही करते थे.”

अंशुमन धावत आला. त्याचे डोळे चमकत होते. “काकू, तुम्हाला माहीत होतं? नाव रुतली की आधी माणसं उतरवायची? ग्रेट, यार! मी तर घाबरलो होतो. हे मी लिहून ठेवतो. प्रसंगावधान.” आणि तो खरंच लिहायला लागला.

मी काकूंच्या कानाशी गेले. “काकू, हो म्हणा.”

काका खोकले. तो ‘हो म्हण’ असाच खोकला होता. काकूंना काही करायचं नव्हतं. नुसतं मान हलवून उभं राहायचं होतं. वहीतला तो एक शब्द, आणि सगळा हिवाळा त्यांचा.

काकूंनी वहीकडे पाहिलं. मग सुखदाकडे, पुण्याच्या त्या मुलीकडे, ती पाच पावलांवर उभी होती.

“खोड ते,” काकू म्हणाल्या.

“काय?”

“प्रसंगावधान खोड. मला नाव खालच्या अंगाला न्यायची होती. नीचे. घाईत तोंडातून ‘खाली’ गेलं आणि याने ती रिकामी केली. ही समज नव्हे, चूक. माझी.”

अंशुमनचं पेन हवेत राहिलं. “काकू, न सांगता लोकांना मधेच उतरवणं... मग मला हे दुसरीकडे लिहावं लागेल. सुरक्षिततेच्या रकान्यात.”

“लिही. आणि ‘सुरक्षितते’त पहिला उकार दे, तू तिथे मघाशीच चुकला आहेस.”

आणि मग सुखदा हसत सुटली. पोट धरून खाली बसली, वाळूत.

“काकू, मी घर शोधत होते ना, तर मालकीण म्हणाली, ‘ऊपर वाला कमरा खाली है.’ मी जिन्यात दहा मिनिटं उभी! वर जाऊ की खाली? शेवटी आईला फोन केला!”

“आणि आई काय म्हणाली?” काकूंनी विचारलं.

“म्हणाली, दिल्लीचे लोक असेच. मधला मजला बघ.”

काकू आधी हसल्या नाहीत. मग त्यांचा खांदा हलला, मग दुसरा. मग त्या अशा हसल्या, की उडालेले चक्रवाक परतायला निघाले होते ते पुन्हा वळले.

ओमवीर मला विचारत होता, “क्या हुआ? मैडम क्यों हँस रही हैं?” मी त्याला समजावायचा प्रयत्न केला. तो विचारात पडला. “मतलब आपके यहाँ खाली मतलब नीचे? तो नीचे को क्या बोलते हो?”

“खाली.”

“और खाली को?”

“रिकामी.”

“फालतू की मेहनत,” ओमवीर म्हणाला.

परतीच्या वाटेवर टेकडी नाही, हिंदूराव नाही. काकूंनी ‘मला भूक लागून राहिली आहे’ सांगितलं. मावशीसकट, भावंडांसकट, सगळ्यांचे आवाज काढून. हा प्रसंग त्या कुणालाच सांगत नाहीत. मलासुद्धा काकांनी सांगितला होता, दार लावून. त्या बोलत होत्या आणि नावेतलं एकही माणूस नदीकडे बघत नव्हतं. सगळ्यांच्या माना आत वळलेल्या.

घाटावर उतरताना अंशुमन मागे रेंगाळला. काकू जॅकेटचे बंद सोडत होत्या, आणि त्यांच्याच्याने गाठ सुटत नव्हती.

“सांग काय ते,” त्या म्हणाल्या. “तुझा स्पीकर लाव. आवाज चांगला बघून घे मात्र.”

“स्पीकर कसा लावणार, काकू? तो चूक कबूल करणार आहे का?” अंशुमनने खाली वाकून गाठ सोडवली. “रविवार तुमचे. पण एक अट. ओमवीरशी तुम्ही बोलायचं नाही. हाताने दाखवायचं.”

“मुझे तो सब समझ में आया था जी,” ओमवीर म्हणाला.

काकांनी घरी येईपर्यंत तोंड उघडलं नाही, यासाठी त्यांना काय किंमत पडली ते त्यांनाच ठाऊक. दारात मात्र राहवलं नाही. “कुमुद, टाकीत पाणी आहे का बघ. की खाली आहे?”

“गच्चीवर आहे,” काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

गुरुवारी ग्रुपवर अंशुमनचा संदेश आला: ‘येत्या रविवारची मराठी नौकाफेरी, सोबत कुमुदिनीकाकू. अजून दोन जागा खाली आहेत.’

मिनिटभरात काकूंचं उत्तर: ‘रिकाम्या.’

मी वर पलंगावर हसत पडले. पाच मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. पुन्हा काकू.

‘राहू दे. त्या दोन खाली चालतील.’