चोवीस सेकंदांची प्रज्ञा

दोनशे मीटरची शर्यत चोवीस सेकंदांत संपते. त्या चोवीस सेकंदांसाठी मैदानावर तासन् तास थांबावं लागतं. वॉर्म-अप, मसाज, गुडघ्यावर बर्फ, मग नुसतं बसणं. किस्से साठतात ते या बसण्यात.

मी फिजिओ. नोकरीसाठी नाशिकहून इंदूरला आले, राजेंद्र नगरात राहिले आणि जवळच्या मैदानावर सकाळी धावणाऱ्या मुलींचे पाय बघू लागले. कोच खरातसर महूचे, फौजेतून रिटायर झालेले. त्यांच्याकडची सगळ्यात वेगवान मुलगी प्रज्ञा, जवळच्या सिमरोल गावची.

*

आमच्याकडे स्टार्टचं पिस्तूल नव्हतं. सर दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटायचे. एकदा समोरच्या बिल्डिंगमधल्या ताई बाळाला कडेवर घेऊन आल्या.

"सर, याची रोज झोप मोडते."

सर ओशाळले. "बस चार महिने, ताई. बच्ची भारताकडून पळणार आहे."

दुसऱ्या सकाळी ताई पुन्हा हजर. आता काय ऐकावं लागतंय म्हणून आम्ही एकमेकींकडे बघू लागलो.

"हा तसाही उठतोच," त्या म्हणाल्या. "द्या त्या फळ्या. मी वाजवते, तुम्ही पोरीकडे बघा."

*

प्रज्ञाची आई कॉलेजच्या मेसमध्ये पोळ्या करते. तिने एकदा लेकीला विचारलं, "एवढी मेहनत करते, तर पळायचं किती वेळ?"

"चोवीस सेकंद."

"बस? आणि त्याच्यासाठी सहा साल?"

दुसऱ्या दिवशी मेसमधून तिचा फोन आला. "मी आज तव्यासमोर मोजलं गं. चोवीस सेकंदांत माझी एक पोळी होते. लक्ष हटलं की जळते. तुझं कठीणच आहे."

*

निवड चाचणीच्या आधीच्या स्पर्धेत प्रज्ञा आवाजाआधी सुटली. स्प्रिंटमध्ये याला माफी नसते, थेट बाद. ती दोन दिवस मैदानावर आलीच नाही. तिसऱ्या दिवशी मी तिला घेऊन आले.

सर सरळ ट्रॅकवर गेले. पासष्टीचा माणूस, गुडघे दुखणारा, स्वतः स्टार्टच्या ब्लॉकमध्ये पाय रोवून वाकला. "वाजव फळ्या," तिला म्हणाले.

तिने हात उचलले, तोच सर सुटले. पुन्हा वाकले, पुन्हा आधीच सुटले. तिसऱ्यांदाही तेच.

"बघ," सर धापा टाकत म्हणाले, "मी तीनदा बाद. तू तर एकदाच झालीस. चल, ये इकडे."

त्याच महिन्यात भारताच्या संघात तिची निवड झाली.

*

आशियातल्या एका मोठ्या स्पर्धेला मी संघाबरोबर फिजिओ म्हणून गेले. प्रज्ञा रिलेतही होती. बॅटन देताना मागची मुलगी ओरडते, मग पुढची न बघता हात मागे करते. चौघी चार राज्यांच्या, प्रत्येकीचा शब्द वेगळा. सरावात बॅटन सारखी पडत होती. शेवटी प्रज्ञा वैतागून ओरडली, "भिया, ले!"

भिया म्हणजे भैया, इंदुरात कुणालाही मारायची हाक. तिन्ही पोरी हसल्या, पण हात बरोबर मागे आला. तोच शब्द ठरला. केरळची मुलगी तो इतक्या जोरात म्हणायची की शेजारच्या लेनमधली परदेशी कोच मला विचारून गेली, "भिया कोण? तुमची चौथी धावपटू का?"

*

दोनशे मीटरची सेमीफायनल. सगळ्या शर्यतींच्या वेळा मिळून प्रज्ञा नववी आली. फायनलला आठ जणी जातात. आठवी तिच्यापेक्षा सेकंदाच्या शंभराव्या भागाने पुढे होती.

संध्याकाळी तिने सरांना फोन लावला, स्पीकरवर.

"सर, ती आठवी मुलगी शर्यतीआधी कॉल रूममध्ये माझ्या बाजूला बसली होती. सतरा सालांची असेल. पहिलीच मोठी स्पर्धा. इतकी घाबरलेली, की छातीवरचा नंबर लावताच येईना. पिना खाली पडत होत्या. बाहेर बोलवायला लागले होते."

"फिर?"

"मी लावून दिला, सर. चारही पिना."

प्रज्ञा माझ्याकडे बघत राहिली.

मग सरांनी विचारलं, "पळताना सुटल्या तर नाहीत ना?"

"नाही, सर. एकपण नाही."