पेट्रोल गळत-गळत नळदुर्गच्या पाणीमहालापर्यंत

शेजारच्या पोरीनं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला आणि आमचं जायचं ठरलं. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवणारी दगडी भिंत आहे. पाऊसकाळ चांगला झाला की नदी त्या भिंतीवरून दोन ठिकाणी खाली झेपावते. लोक त्यांना नर-मादी म्हणतात. आणि त्याच भिंतीच्या पोटात एक महाल आहे, पाणीमहाल. सगळा जन्म जवळच्याच तेर गावात गेला, पण कधी पाऊस नव्हता, तर कधी आम्हाला सवड. व्हिडिओ संपला तशी शांता, म्हणजे आमची मंडळी, एवढंच म्हणाली, "दिवाळीनंतर गुडघ्याचं आपरेशन. मग कुठल्या पायऱ्या न् कुठलं काय. बघायचं तर आत्ताच."

एसटीची पायरी तिला चढवत नाही. जीपमध्ये पाय दुमडून बसवत नाही. मोटारसायकलवर मात्र एका अंगाला पाय सोडून ती झोपाळ्यावर बसल्यासारखी बसते. गाडी आमची शंभर सीसीची, म्हातारी. तिची दुरुस्ती मला कुणी शिकवली नाही. खोलायचं, बिघडवायचं, पुन्हा जोडायचं, असंच शिकलो.

सकाळी उन्हं कोवळी असतानाच निघालो. तेर ते धाराशिव रस्ता बरा आहे, गावाजवळचे खड्डे तेवढे सांभाळा. दोन्ही बाजूंनी सोयाबीन पिवळं पडलेलं. धाराशिवला उपीट खाल्लं, चहा घेतला आणि तुळजापूरच्या वाटेला लागलो. पुढच्या चढाला गाडी खोकली, दोन हिसके दिले आणि गप झाली. खाली वाकून बघतो तर कार्बोरेटरच्या बुडातून टप टप पेट्रोल.

जुनी गाडी घेऊन फिरणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. कार्बोरेटरला खाली एक वाटी असते. ती भरली की आतला फ्लोट वर उचलला जातो आणि एक बारीक सुई पेट्रोलचं तोंड बंद करते. सुईखाली टाकीतला गंज अडकला की तोंड उघडंच राहतं आणि वाटी उतू जाते. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं वाटीला हलके टोले द्या, बऱ्याचदा कचरा सुटतो. मी तेच केलं. गाडी सुरू झाली. माझी छाती फुगली.

तुळजापूर मागं टाकलं आणि शांतानं पाठीत बोट खुपसलं. "अहो, माझं लुगडं तुमच्या गाडीसारखं वास मारायलंय."

नळदुर्गच्या अलीकडं रफीकभाईंचं चहाचं हॉटेल आहे, चिंचेखाली. तिथं गाडी थांबवली. रफीकभाई बिडी ओढत बघायला आले.

"भाई, आधी ती बिडी विझवा."

"या अल्ला! व्हय व्हय." त्यांनी बिडी चपलेखाली रगडली आणि चार पावलं मागं सरकले. "मामा, किल्ल्याला निघालात का? बिगी आटपा. मादी काल थांबली. नर चालू हाय, पण बारीक व्हायलाय. उद्याचं काय सांगता येत न्हाय."

शांता बाकड्यावर बसली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. ते बघून माझे हात आणखीच गडबडले. इंजिन गार होऊ दिलं, वाटी खोलली, सुई पुसली, फुंकून जेटचं बारीक भोक साफ केलं, सगळं लावलं. गळती तशीच. पुन्हा खोललं, पुन्हा लावलं. तरी टप टप.

"तिसऱ्यांदा खोलणार व्हय?" शांता म्हणाली. "एखादं लेकरू रडलं की दर वेळी दूधच पाजायचं असतं का? कधी पोटात दुखत असंल, कधी मुंगी चावली असंल."

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. थेंब जिथून पडतो, तिथंच पेट्रोल गळतं असं नसतं. ते वरून निघतं, नळीला धरून खाली येतं आणि शेवटच्या टोकाला लोंबतं. मी थेंबाच्या मागं लागलो होतो.

"शांते, तुझी पावडर दे."

"फोटोसाठी आणलीय, तुमच्या गाडीला न्हाय."

पण दिली. सगळं कोरडं पुसलं, नळीवर, कॉकवर, कार्बोरेटरवर पावडर भुरभुरली आणि थांबलो. हळूहळू कॉकच्या वायसराजवळ, म्हणजे रबरी चकतीपाशी, एक ओली रेघ उमटली, केसाएवढी. तिथून नळीवरून सरळ खाली. वाटीचं दुखणं मघाशीच बरं झालं होतं. हे दुसरंच होतं!

टाकीतलं पेट्रोल रफीकभाईंच्या डब्यात काढलं. कॉक खोलला. वायसर कुजून भाकरीच्या पापुद्र्यासारखा झालेला. नवा कुठला आणायचा? माझ्या चपलेच्या पट्ट्याचं जास्तीचं टोक कापलं, मधी भोक पाडलं, तेलात बुडवलं आणि बसवलं. रफीकभाई हसून म्हणाले, "पायातलं डोक्यावर गेलं की वो, मामा!" पेट्रोल परत टाकीत ओतून पुन्हा पावडर मारली. पाच मिनिटं पावडर कोरडीच. हा जुगाड घरी पोचेपर्यंतचा, एवढं ध्यानात असू द्या. निघण्याआधी खिशात दोन वायसर आणि हातभर नळी ठेवा, चपला वाचतील.

किल्ल्यात पोचलो तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. तिकीट काढलं, बरंच चाललो, आणि आधी दिसलं काहीच नाही, नुसता आवाज आला. मग भिंत. तिच्यावरून नर पांढरा होऊन खाली कोसळत होता. शांता थबकली. तिनं माझा दंड धरला आणि आम्ही एकेक पायरी करत भिंतीच्या पोटात उतरलो. ती दर पायरीला आधी उजवा पाय टेकवायची, मग डावा.

आत गारवा. नदी आपल्या अंगाशेजारून, भिंतीवरून जातेय. खिडकीबाहेर पाणी कोसळतंय, त्याचा घुमारा छातीच्या हाडात लागतोय, आणि खोली कोरडी. मी सवयीनं भिंतीवर हात फिरवला, कोपरे चाचपले, बोटं नाकाशी नेली. शांता हसली. "कशाचा वास घेता? नदी हाय ती!"

दोन बोटांच्या कॉकमधला एक थेंब अडवता-अडवता माझा अर्धा दिवस गेला होता. इथं कुणीतरी नुसत्या दगड-चुन्यात अख्खी नदी अडवली, तिला हवी तिथून वाट दिली, आणि वर तिच्या कुशीत बसायला जागा केली. मी टोपी काढून हातात धरली. कुणापुढं काढली, ते मला अजून सांगता येत नाही.

थोड्या वेळानं दोघं वर आलो आणि मला गाडीची काळजी लागली. "तू सावकाश ये," म्हणून मी पुढं गाडीपाशी आलो आणि कॉकखाली बोट लावून बघत बसलो. कोरडं होतं. शांताला यायला फार वेळ लागला. गुडघ्यांमुळं असेल, म्हटलं. ती आली तेव्हा घामाघूम होती. रात्री नळदुर्गलाच थांबलो, ढाब्यावर दोघांचं जेवण तीनशेच्या आत झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो. रस्त्यात गाडीनं गळतीचं नाव काढलं नाही. संध्याकाळी गल्लीतल्या बाया ओट्यावर जमल्या. शांता गुडघ्यांना तेल चोळत सांगत होती, हातांनी पाणी पाडत होती. मी आत नवा वायसर बसवत होतो.

एकीनं विचारलं, "अंगावर नदी म्हंजी भ्या न्हाय वाटलं, काकू?"

"वाटलं की. तरी बी हे गाडीपाशी गेले, तशी म्या परत खाली उतरले. एकटी. पोटभर बघितलं."

माझ्या हातातला पाना तसाच राहिला.